डाळिंबावरचं घरटं

कावळा दुसरं पिल्लू चोचीत धरून उडाला, तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधले निवृत्त साहेब कॅमेऱ्याचं बटण दाबतच होते. पहिलं पिल्लू त्याने मी कोयता आत ठेवायला गेले तेवढ्यात नेलं होतं. घरट्यात एकच उरलं. वरच्या फांद्या पाच मिनिटांपूर्वी मीच छाटल्या होत्या.

खडकीला आमच्या क्वार्टरमागे डाळिंबाचं झाड आहे. त्यावर हे चिमणीहून लहान, हिरवट पिवळं पाखरू आलं. डोळ्याभोवती पांढरं कडं असतं म्हणून त्याला चष्मेवाला म्हणतात, हे साहेबांनी सांगितलं. डोंगरातल्या रानातलं पाखरू वस्तीत आलं, याचं त्यांना फार नवल. मला नव्हतं. ते माझ्या न्हाणीच्या खिडकीतली जळमटं ओढून न्यायचं आणि त्या जळमटांनीच घरटं फांदीला बांधायचं. सून म्हणाली, चला, या घरात जळमटं काढणारं कोणीतरी आलं.

पिल्लं झाल्यावर साहेब रोज यायला लागले. पानं मध्ये येतात, फोटो साफ येत नाही, म्हणायचे. कधी ओळख न दाखवणारा माणूस मला मावशी म्हणायला लागला. मी चौथी शिकलेली बाई, मला बरं वाटलं. पानं कशासाठी असतात ते मला कळत होतं, तरी कोयता घेतला.

कावळा गेल्यावर मी त्याच फांद्या सुतळीने परत बांधल्या. आईबाप कुंपणावर ओरडत बसले, जवळ येईनात. दुपार झाली तरी येईनात. आता उरलेलं उपाशी मरणार, असं मी धरून चालले. उन्हं कलल्यावर एक आलं, चोचीत अळी घेऊन.

कापलेली पानं एका दिवसात सुकतात. म्हणून रोज सकाळी कडुनिंबाचा नवा डहाळा बांधायचा आणि काठी घेऊन मागच्या दारात बसायचं. तिसऱ्या दिवशी साहेब पुन्हा आले.

"मावशी, एकच फोटो. लांबूनच घेतो."

"कावळ्याचा काढलात ना? तो लावा भिंतीवर."

"अहो, तो येईल हे मला काय माहीत?"

"मला माहीत होतं. तरी मी कापलं. निघा आता."

ते निघाले. तेव्हापासून आमचं बोलणं नाही आणि त्यावाचून माझं काही अडलं नाही.

सहाव्या दिवशी पिल्लू घरट्याबाहेर फांदीवर आलं, मग कुंपणापलीकडच्या चिंचेत गेलं. तिघांतलं तेवढं एक जगलं.