नातीच्या वहीतली आजी

पंचवटीत कमळाबाईंची खानावळ आहे. मी तिथे दोन वर्षं जेवते, त्यांना मावशी म्हणते. वीस माणसांत कोणाला कांदा चालत नाही, कोणाचा गुरुवार असतो, कोणाला वरण पातळ लागतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. कुठे लिहून ठेवलेलं नाही.

मार्चमध्ये एकदा त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यांचा मुलगा महेश स्पेनमध्ये असतो. सून तिकडचीच. सात वर्षांच्या नातीने शाळेच्या वहीत आजीवर चार ओळी लिहिल्या होत्या. महेशने फोटो पाठवला होता. खाली फक्त ‘मस्त लिहिलंय’. मी बी.ए. करताना स्पॅनिशही शिकले होते.

“वैष्णवी, हे काय गं?”

“देस्पिस्तादा. म्हणजे वेंधळी.”

“आणि हे?”

“ओल्विदादीसा. विसराळू.”

तिसरा शब्द दिस्त्राइदा, लक्ष भलतीकडे असलेली. पुढे लिहिलं होतं, आजी ढगांत असते, म्हणजे आपल्याच तंद्रीत.

त्या हसल्या. “गुणाची गं बाई माझी! काही बाकी नाही ठेवलं.”

चार दिवस त्या पोळ्या लाटताना शब्द घोकत होत्या. पोळी करपली की स्वतःलाच म्हणायच्या, “देस्पिस्तादा!” रिक्षावाला वाल्मीक डबा विसरून गेला, तर मागून ओरडल्या, “अरे ओल्विदादीसा!” तो घाबरून परत आला.

पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, “पण असं लिहिलं का तिने?”

शेवटची ओळ मी मुद्दाम वाचली नव्हती. आता वाचली. “आजीला माझं नाव आठवत नाही. दर वेळी वेगळंच काहीतरी म्हणते.”

लाटणं थांबलं.

चिमणे, सोनुले, राणी, छकुले. रविवारी फोनवर या हाका मीही ऐकल्या होत्या. नाव कधीच नाही. नातीचं नाव गोदा. महेशने हौसेने आपल्या आजीचं ठेवलेलं.

“सासूबाईंचं नाव ते,” मावशी म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून तोंडातून काढलं नाही. महेशच्या कधी ध्यानात आलं नाही.”

माझ्याही नाही. गोदावरी नदीलाही त्या गंगा म्हणतात. पण इथे सगळेच म्हणतात.

“मी स्पॅनिशमध्ये लिहून देते,” मी म्हणाले. “आपल्यात सासूचं नाव घेत नाहीत, असं.”

“एवढ्याशा पोरीला रीत समजावू? तिला वाटतंय, आजीच्या लक्षातच नाही आपण.”

रविवारी फोन आला. गोदाने सरळ विचारलं, “कोमो मे यामो?” माझं नाव काय?

मी अर्थ सांगायच्या आत मावशींना कळलं होतं. त्या उठून आत गेल्या. पडद्यावर पोरीचा चेहरा उतरला.  

त्या परत आल्या तेव्हा डोक्यावर पदर होता. उभ्यानेच म्हणाल्या, “गोदाबाई.”

पोरगी खिदळली. “ओत्रा बेस!”

“परत म्हणा म्हणतेय,” मी सांगितलं.

मावशी खाली बसल्या. फोन जवळ घेतला.

“गोदा.”