तिथं कुणी हाय का?

१३ जानेवारी, भोगी. तव्यावर बाजरीची भाकरी, हात तिळानं माखलेले आणि मी देवावर चिडलेली. लेक नोकरीसाठी जपानला गेल्यापासून चिडलेलीच होते म्हणा. जाऊबाई भाजी ढवळत म्हणाल्या, "त्याच्या मनात असंल तसं होईल." मी म्हटलं, "मग त्यानं एकदा येऊन सांगावं काय मनात आहे ते. पोरीच्या अंगात ताप आहे आणि तिकडं काळं कुत्रं विचारत नाही."

तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला. तिकडं अंधार पडला होता. कामावरून निघून ती स्टेशनात गाडीची वाट बघत बसली होती. ते स्टेशन मी फोनवर कितीदा पाहिलं होतं. भाताच्या शेतांमधे एकच फलाट, लाकडी खोली, बाकावर कुणी घरी शिवून ठेवलेली बसकरं. मास्तर नाही, हमाल नाही, चहावाला नाही. तिला त्याचं कौतुक, मला संताप. माणूसच नाही तर ते स्टेशन कसलं?

"आई, फार थंडी वाजतीय," एवढं म्हणाली. मग काहीतरी बरळली आणि फोन घसरला. पडद्यावर नुसतं छत आणि ट्यूबलाइट. मी हाका मारमारून थकले.

राग आला की माझ्या तोंडी माहेरची बोली येते. भाकरी करपत होती आणि मी ओरडत होते, कुणावर ते माझं मलाच कळत नव्हतं. "अरे, कुणी हाय का नाय तिथं? का समदे मेले? बोल की!"

तिकडून आवाज आला, "हाय."

म्हाताऱ्या बाईचा आवाज. मी विचारलं, "पोरगी शुद्धीवर हाय का?"

"हाय, हाय."

"श्वास नीट हाय?"

"हाय."

"तुम्ही हायत ना जवळ? सोडून जाऊ नका, बाई."

"हाय, हाय, हाय."

मग लोकरी टोपीतला सुरकुतलेला चेहरा दिसला. एवढ्या गडबडीतही त्या मला वाकून नमस्कार करत होत्या. दुसऱ्या फोनवर कुणाशी तरी भराभर बोलल्या, आणि थोड्या वेळानं ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला.

संध्याकाळी लेकीचा दवाखान्यातून फोन. निमोनिया. त्या बाई स्टेशनाशेजारी राहतात, बसकरं त्यांचीच. बर्फ पडणार म्हणून ती बसकरं उचलायला आल्या होत्या. "आणि आई, जपानीत 'हाय' म्हणजे नुसतं 'हो'. त्यांना तुझं काहीएक कळलं नाही."

"न कळताच सगळी उत्तरं बरोबर दिली होय? झोप आता."

मी नवस बोलले नव्हते, हातही जोडले नव्हते. नुसती भांडत होते. माझी तक्रार अजून आहे: लेकरू आडवं पडेपर्यंत थांबायचं काय कारण होतं? पण विचारलं त्याचं उत्तर आलं, हे मला नाकारता येत नाही. देव्हाऱ्यापुढं बसले तर मागायचं काही सुचेना. माझा हात तिथवर पोचत नाही, दुसऱ्या कुणाचा तरी पोचतो, एवढं पहिल्यांदा न चिडता मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीच्या सकाळी, बोरं-गाजर-हरभऱ्याचं एक सुगड जास्त भरलं आणि ते वाण घेऊन आमच्या मुकुंदवाडी स्टेशनवर गेले. फलाटावर एक म्हातारी बोचकं घेऊन बसली होती. सुगड पुढं केलं तशी ती मागं सरली.

"मला नगं, बाई. मालक गेले माझे. वाण सवाष्णीला देत्यात."

"काल माझ्या लेकीला हात देताना कुणी 'तू कोण' विचारलं नाही," मी म्हटलं, आणि तिचा पदर पुढं ओढून सुगड त्यात ठेवलं.