मोटार, पंखा आणि शेंदूर

आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेला मी पहिला. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. नागभीडकडच्या आमच्या धानाच्या गावात तेव्हा वीज नव्हती, आणि मी विजेवर उडणारं लहानसं विमान बनवत होतो. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि नागपूरच्या भंगारबाजारात मिळालेली, लष्करी सामानातली लिंबाएवढी मोटार.

त्या मोटारीला पंखा जुळेना. शिवण झाडाच्या लाकडाचा मोठा पंखा लावला की ओढ जबर, पण मोटार अशी तापायची की हात ठेववत नसे. लहान लावला तर नुसती भणभण, ओढ काहीच नाही. तासत तासत शेवटी मधला एक जुळला.

बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं, दसऱ्याला विमान उडणार. शेजारचा म्हातारा येता-जाता टोमणा मारी, "काऊन भाऊ, पोरगं एवढं शिकलं अन् पतंग बनवून राह्यलं?"

"पतंग नाई, इमान होय. उडते म्हनलं ना!" बाबा ठासून सांगत.

आता ते उडालं नसतं, तर बाबांना चारचौघांत मान वर करता आली नसती.

दसऱ्याला नांगर, विळे, कुऱ्हाडी अंगणात मांडून मायने पूजा केली. विमानही त्यातच ठेवलेलं. मी लाकूड-ठेकेदाराच्या ट्रकची बॅटरी आणायला गेलो होतो. परतलो तर सगळं गाव जमलेलं. घाईघाईने अंगणातल्या खांबाला लांब तारांनी विमान जोडलं; वीजही त्याच तारांतून जायची होती. उडालं की त्याने खांबाभोवती फिरायचं. बाबांनी शेपटी धरली. मी खांबाच्या बुडाशी ठेवलेल्या बॅटरीपाशी वाकून तारा टेकवल्या.

विमान अंगात आल्यासारखं थरथरलं आणि कडाड्! पातं तुटून बाबांच्या गालाजवळून सूं करत गेलं ते थेट कुडात घुसलं. बाबांचा गाल लालभडक. कोणीतरी किंकाळी फोडली.

मायने पदराने गाल पुसला. जखम नव्हती. तेलात कालवलेला शेंदूर होता.

"तू लावला?" मी कसंबसं विचारलं.

"मंग? नांगराले लावला, कुऱ्हाडीले लावला, यालेच नाई लावाव? वरच्या पात्याले चांगला जाड लावला."

एका पात्यावर शेंदराचा थर, दुसरं कोरडं. गरगर फिरताना तोल कसा राहणार?

"झालं इमान?" म्हातारा म्हणाला. "आता सोनं वाटाले निघाव काय?"

"दुसरा पंखा लाव," बाबा म्हणाले.

उरला होता तो मोठा. मोटार जळेल, मी म्हणालो.

"जळू दे."

पंखा बसवला, तारा टेकवल्या, आणि विमान बाबांच्या हातातून हिसका देऊन निघालं. खांबाभोवती, कमरेएवढ्या उंचीवरून. म्हातारा मटकन खाली बसला. फेरा पुरा होतो न होतो तोच जळका वास आला, धूर निघाला आणि विमान अंगणात आपटलं.

मी बाबांकडे पाहिलं. शेपटी धरलेला हात तसाच हवेत, तोंड उघडं.

"बाबू," ते हळूच म्हणाले, "हे खरंच उडते?"