मोठं जहाज आधी

अप्पांची सगळी नोकरी लातूरच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. कोणती गाडी कोणत्या फलाटाला, हे माइकवर सांगायचं. म्हणून ताई बंदराच्या वाहतूक नियंत्रण कक्षात लागली तेव्हा तिचं काम घरात सगळ्यात आधी त्यांनाच कळलं. "म्हंजे तू बी कंट्रोलरच की गं! फलाट तेवढा पाण्यात."

समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांच्यासाठी ताईनं एकदा घरच्या ग्रुपवर तिच्या पडद्याचा फोटो टाकला. निळ्या नकाशावर बारके त्रिकोण, एकेक त्रिकोण म्हणजे एकेक जहाज. जहाजावरचं यंत्र आपलं नाव, जागा, वेग सारखं कळवत राहतं. ते बघून ताई वायरलेसवर सांगते, तू थांब, तू ये. फोटोखाली तिनं लिहिलं होतं, "फक्त अप्पांसाठी. पुढं पाठवू नका."

त्या दिवशी मी नांदेडला, कॉलेजच्या होस्टेलवर होते. मी तिला फोन केला. बोलता बोलता ती म्हणाली, "हे कडेचं लहान जहाज दिसतंय का? सकाळपासून थांबलंय. मागून आलेल्या मोठ्याला आधी आत घेतलं."

"का?"

"अगं, ऐक ना..."

मी ऐकलं नाही. मी बुद्धविहारातल्या, चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अक्षरं शिकलेली मुलगी. माझं पहिलं पत्रक आमच्या चाकूरच्या, पाण्याच्या टँकरच्या रांगेवर होतं. आमच्या घागरी उन्हात आणि बंगलेवाल्यांचा पाइप आधी टाकीत. त्या पत्रकातला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही. पण रांग दिसली की मला तीच रांग दिसायची. मी फोन ठेवला आणि तासाभरात लिहून टाकलं, 'समुद्रावरही रांग मोडते ती मोठ्यांसाठीच.' सोबत तो फोटो जोडला आणि मोबाइलवरून सगळीकडे पाठवलं. जहाजांची नावं, वेळ, सगळं त्यात स्पष्ट वाचता येत होतं.

दोन दिवस ते फिरत राहिलं. मी खूश होते. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला.

"काय करायलीस?"

"काही नाही. का गं?"

"त्या फोटोवरून मला कक्षातून काढलं. आता टपाल विभागात."

मी तावातावानं म्हणाले, "आपण लढू! मी त्यांच्यावर..."

"आता अजून पत्रक नको, माय." मग ती शांतपणे बोलली. "मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं. भरतीचं पाणी घडीभरच असतंय. ते ओसरलं असतं तर जहाज वाटेतच टेकलं असतं आणि सगळ्यांची वाट बंद. लहान जहाज काय, ओहोटीतबी येतंय. आलंच ते दुपारी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते. तू फोन ठेवलास."

पाणी दिवसातून दोनदा येतं आणि जातं, हे मी भूगोलात शिकले होते. आमच्याकडचं पाणी फक्त जायचं.

मी चुकले, हेही लिहून टाकलं. ते कुणी पुढं पाठवलं नाही. आणि त्यानं ताईचा वायरलेसही परत मिळणार नव्हता.

सुट्टीत चाकूरला घरी गेले. अप्पा आता तिला फोनवर "आज कोणती गाडी आत घेतली?" असं विचारत नाहीत. जेवलीस का विचारतात, एवढंच. मला बघून त्यांनी चष्मा वर सारला आणि स्वतःचा मोबाइल पुढे केला. पडद्यावर तोच निळा नकाशा होता.

"ताई म्हणली, हे काढून टाका. मला जमंना. तूच काढ."

"राहू द्या की, अप्पा. तुमच्यापुरता."

"न्हाई. तिनं सांगितलंय."

मी बोट ठेवलं. खरंच काढायचं का, असं मोबाइलनं विचारलं. अप्पा पडद्याकडे बघत होते. त्या कडेच्या लहान त्रिकोणावर एकदा नजर टाकून मी हो म्हटलं.