ताईचं रेडिओवरचं गाणं
तापलेल्या धुळीचा वास आला की अड्याळच्या घरातला आमचा जुना, तापला की असाच वास सोडणारा रेडिओ आठवतो आणि आता माझाच मला संताप येतो. त्या दुपारी ताईचं नागपूरला रेकॉर्ड झालेलं गाणं लागणार होतं. त्याआधी सिनेमातलं एक गाणं लागलं, आणि मी, कॉलेजातला हिरो, तंग पॅन्टमध्ये ट्विस्ट करू लागलो. पाय एरियलच्या तारेत अडकला. तार तुटली, मी आपटलो. आई धावली, "लागलं का रे तुले?" ताई ओरडली, "त्याले काय इचारतं, माय? माहं गाणं गेलं!" तार जोडली तेव्हा बातम्या चालू होत्या. संध्याकाळी शेजारीण आली, "काय गोड आवाज आला वो बाई तुहा!" गावानं ऐकलं, तिनं नाही; रेडिओ केंद्राकडून तिला पुन्हा बोलावणंही आलं नाही. परवा नातवंडांना मी हाच किस्सा रंगवून सांगितला. तिथेच बसलेली ताई उठली. "साठ वर्षं झाली, अजून हसूनच राहिला का रे?"