तळचा दट्ट्या

नागझिऱ्याच्या जंगलातून एक नाला उतरतो. दोन टेकड्यांच्या मधून तो जिथे बाहेर पडतो, तिथे कुणा जुन्या माणसांनी मातीची पाळ घातली आणि नाला अडवला. पाळीच्या आत तलाव झाला, बाहेर धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, झाल्या, आणि बांध्यांच्या कडेला कोसमटोला वसला. ह्या गावात दुधराम जन्मला, पाणकराच्या घरात.

पाणकर म्हणजे तलावाचं पाणी वाटून देणारा माणूस. मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, मोठा चक असो की एखाद्या विधवेची दोन हाताची बांधी, पाणी सोडायचं ते पाणकराने आणि थांबवायचं तेही त्यानेच. गावाने त्याला त्याबद्दल धान द्यायचं आणि त्याच्याशी भांडायचं नाही. धान सगळे देत. भांडायचं मात्र कुणी सोडत नसे.

पाळीच्या आतल्या अंगाला, पाण्यातच, दगडाची एक उभी भिंत होती. तिला तुडुम म्हणत. तिच्यात एकाखाली एक अशी चार भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडी दट्ट्या. पाणी द्यायचं तर वरचा दट्ट्या आधी काढायचा. पाणी त्या भोकाच्या खाली गेलं की दुसरा, मग तिसरा. चौथा कुणी काढायचा नाही. त्याच्या मागे जे पाणी उरे ते माणसांचं आणि गुरांचं, मृग लागेपर्यंत पिण्याचं. दर आखाडीला, आषाढाच्या सणाला, दुधरामचा बाप कमरेएवढ्या पाण्यात उतरे, बुडी मारून त्या तळच्या दट्ट्याच्या डोक्याला शेंदूर फासे आणि वर येऊन नारळ फोडी. मरताना त्याने मुलाला एवढंच सांगितलं, "वरचे तीन तुहे. तळचा गावाचा. त्याले हात नोको लावू."

दुधरामने तीस-बत्तीसाव्या वर्षी काम हाती घेतलं आणि नीट केलं. पाळीवर उभा राहून तो पाण्याकडे बघे आणि कोणत्या बांधीला किती वेळ पाणी लागेल ते सांगे. त्यात चूक होत नसे. चालताना तो मान ताठ ठेवी. बाया हसून म्हणत, "पाह्य, तलाव चालला पायानं." त्याला ते आवडे.

अठराशे नव्याण्णव साली पोळ्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. आश्विनात भारी, म्हणजे उशिरा पिकणारं, धान पोटऱ्यात आलं आणि बांध्यांना भेगा पडल्या. दुधरामने पहिला दट्ट्या काढला, दुसरा काढला, तिसरा काढला. पाणी वरच्या बांध्यांना पुरलं, मधल्यांना निम्मं पुरलं, आणि शेवटच्या बांध्यांपर्यंत नुसता ओला पाट पोहोचला. त्या शेवटच्या बांध्यांमध्ये एक दुधरामची स्वतःची होती, कारण पाणकराने सगळ्यांच्या मागून पाणी घ्यायचं असा रिवाज होता. तिला लागून त्याच्या मोठ्या बहिणीची, अनुसयाबाईची. तिचा नवरा पटकीने गेला होता. घरात आठ वर्षांची शामकला आणि ती एक बांधी, एवढाच तिचा संसार.

अनुसयाबाई सकाळीच पाळीवर आली.

"भाऊ, माही बांधी पायलास का?"

"पायलो."

"मंग?"

"मंग का? तिन्ही दट्टे खुले आहेत, बाई. पानी भोकाच्या खाली गेला. आता कुठून आनू?"

"तळचा आहे ना."

"तो प्यायचा पानी आहे."

"मी का तलाव मागून राहिली? सकाळी खोल, जेवनाच्या वक्ताले लाव. लोंब्या बाहेर पडून राहिल्या, एकच पानी पाहिजे. तलावाले का समजते? गावच्या म्हशी रोज याच्याहून जास्त पिऊन जातात."

अनुसयाबाई पाळीवर बसली आणि पदराचं टोक पिळत राहिली.

"मी तुले कडेवर घेऊन ह्याच पाळीवर हिंडत होती," ती म्हणाली. "मागाले लाज वाटते. पन पोरीले का चारू?"

दुधराम मालगुजाराकडे गेला. बकाराम पाटील ओसरीवर सुपारी कातरत होते.

"तुडुमावर माहा हुकूम चालत नाई, दुधराम," ते म्हणाले. "बापजाद्यांपासून नाई. पन इचारतोस म्हनून सांगतो. माही खालची बांधी बी वाळून राहिली. मी आलो का मागाले?"

"तुमच्या वरच्या पिकल्या, पाटील. तिची एकच आहे."

"मंग मले कायले इचारतोस?"

घरी बायकोने, रुख्माने, त्याला दट्ट्या ओढायचा लाकडी आकडा बाहेर काढताना पाहिलं. "मामंजीनं का सांगतलं होतं?" तिने विचारलं. "अर्ध्या दिवसाचं काम आहे," तो म्हणाला. त्याला मनातून खात्री होती. आपण सोडलं तेवढंच पाणी जाईल आणि आपण थांबवलं की थांबेल. आजवर तसंच झालं होतं.

तो पाण्यात उतरला. शेंदराचा थर बोटाएवढा जाड झाला होता. तीस-चाळीस आखाड्यांचा शेंदूर. ज्याला शेंदूर लावला त्याला हात लावायचा नाही, म्हणून तो दट्ट्या कुणी कधी बदलला नव्हता, हलवून पाहिला नव्हता, वाजवूनही पाहिला नव्हता. वरचे तीन दर दोन-तीन वर्षांनी बिजाच्या झाडाच्या टिकाऊ लाकडाचे नवे होत. पुजलेल्याला म्हातारपण येत नाही असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, आणि दुधरामनेही.

त्याने आकडा अडकवून ओढलं. दट्ट्याचं डोकं तुटून हातात आलं. आतलं लाकूड भिजल्या भाकरीसारखं होतं. पाण्याने ते पलीकडे ढकललं आणि त्याच्यासोबत भोकाच्या कडेचा चुना गेला, मग एक दगड, मग दुसरा. वरचा तिसरा दट्ट्या आणून लावावा तर भोक आता घमेल्याएवढं झालं होतं.

पाण्याच्या आवाजाने गाव धावलं. धानाच्या तणसाचे भारे कोंबले, ते पाण्याने गिळले. चिखलाच्या टोपल्या ओतल्या. कुणी घराचं कवाड उचकटून आणलं, तेही ओढलं गेलं. पाळीच्या बाहेर पाट अडवून पाहिला, तर पाटाचा काठच फुटला. दुधराम सारखी बुडी मारत होता. एकदा त्याचा हात भोकात ओढला गेला आणि खांद्यापासून सोलून निघाला. चौघांनी त्याला धरून बाहेर काढलं तेव्हा तो त्यांना शिव्या देत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तलावाच्या तळाशी चिखल होता आणि चिखलात मासे तडफडत होते. पोरंसोरं ते गोळा करत होती. मोठी माणसं पाळीवर उभी राहून बघत होती.

अनुसयाबाईची बांधी पिकली. दुधरामची पिकली, शेवटच्या सगळ्याच पिकल्या.

माघात विहिरीचं पाणी गढूळ झालं, फाल्गुनात तळ दिसला. तलाव नाही तर विहिरीला झरा कुठून येणार. बाया नाल्याच्या वाळूत हातभर, मग कमरभर, मग पुरुषभर खोल झिरे खणू लागल्या. वाटीवाटीने पाणी भरायचं. एक घागर भरायला अर्धी सकाळ जाई. ज्यांना पाणी असलेल्या गावांत सोयरे होते त्यांनी गुरं दवनीवाड्याकडे हाकली, बाकीच्यांची गोठ्यात बसली ती उठली नाहीत. अनुसयाबाईच्या कणगीत तांदूळ होता आणि आधणाला पाणी नव्हतं. ती शेजाऱ्यांना बोलावून तांदूळ वाटू लागली. शेजारी घेत, पण तिच्या तोंडाकडे बघत नसत.

वैशाखात पटकी आली. झिऱ्याच्या पाण्यातूनच आली असेल. गावातली सतरा माणसं गेली. अनुसयाबाई तिसऱ्या दिवशी गेली. ती पाणी पाणी करत होती आणि दुधराम तांब्यातलं गढूळ पाणी चमच्याने तिच्या तोंडात घालत होता. शेवटी ती म्हणाली, "मी कायले मागली रे, भाऊ." शामकलाला त्याने आपल्या घरी आणलं. त्याला आणि रुख्माला मूल नव्हतं.

पाऊस तोंडावर आला तेव्हा गाव त्याच्याच दारी आलं. तलावाची नस दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. त्याला शिक्षा करावी असं कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं, असं त्याला वाटे. त्याने तुडुमाचे दगड पुन्हा बसवून घेतले, बिजाचा नवा दट्ट्या स्वतः तासला, आणि शेंदूर लावायचा बंद केला. आता दर उन्हाळ्यात, पाणी सर्वांत कमी असताना, साऱ्या गावासमोर तो तळाच्या भोकापुढे मातीचा बांध घाली, जुना दट्ट्या काढून कुऱ्हाडीने चिरून दाखवी आणि नवा बसवी. म्हातारे म्हणत, देवाला फोडतो. तो म्हणे, "फोडतो."

त्याची मान पुन्हा ताठ झाली नाही. तो पाण्याच्या बाबतीत कडू झाला. म्हशी तलावात लोळू देत नसे, काठावरच पाजायला लावी. कपडे धुवायचे तर पाणी बाहेर काढून धुवा. रुख्मा भांडी घासलेलं पाणी वालाच्या वेलाला घाली आणि तांदूळ धुतलेलं गाईला. पाव्हण्याने तांब्यात घोटभर पाणी ठेवलं तर दुधराम त्याच्यासमोर ते पिऊन टाकी. लोक त्याला चिक्कू म्हणत. कुणी तोंडावर म्हणे, "दुधराम, आंघोळ तरी करतोस का गा, का तेवढीही वाचवून राहिला?"

शामकला मोठी झाली, लग्न होऊन गेली, आणि नवऱ्याने टाकल्यावर परत आली. आईचीच बांधी करू लागली. रुख्मा तोवर वारली होती. मामा आणि भाची एका घरात राहत, एका चुलीवर खात.

एकोणीसशे वीस साली पुन्हा पोळ्यानंतर पाऊस गेला. पुन्हा तीन दट्टे निघाले आणि पुन्हा शेवटच्या बांध्या राहिल्या. शामकलाने आठ दिवस वाट पाहिली. मग एक दिवस पाळीवर आली.

"मामा, आता तो दट्ट्या खुलते ना?"

"खुलते."

"लागते बी ना परत?"

"लागते. वैशाखातच बदललो."

"मंग?"

"नाई खोलत, बाई."

"मायले देल्लास." ती ओरडली नाही. "तिच्या वक्ताले सडका होता त खोललास. माह्या वक्ताले चांगला आहे त नाई म्हनतोस. मी का तुही कोनी नाई?"

"तूच आहेस," दुधराम म्हणाला. "तुले देलो त उद्या बाजूच्या बांधीच्या सेवकरामले नाई कसा म्हनू? परवा पाटलाले? पानी पावसापर्यंत पुरला पाहिजे."

"आपन का खाऊ?"

ती गेली. चार दिवसांनी धानाचं पान सुतळीसारखं वळलं. दुधराम विळा घेऊन तिच्या बांधीत गेला आणि पोचट लोंब्यांचं धान तिच्यासोबत गुरांसाठी कापू लागला. ती दुसऱ्या धुऱ्याकडून, म्हणजे पलीकडच्या बांधाकडून, कापत आली. मध्ये गाठ पडायच्या आधी ती थांबली आणि भारा बांधू लागली. संध्याकाळी तिने आपली चूल वेगळी मांडली.

त्या हिवाळ्यात ती जंगलातले कंद उकडून जगली. दुधरामने नेऊन दिलेलं ती परत पाठवी.

जेठ लागला तेव्हा तलावात मांडीएवढं पाणी होतं. आसपासच्या दोन गावांच्या बाया घागरी घेऊन येत, गुरं ओळीने काठाशी पीत. पटकी आली नाही. दुधराम घाटाजवळ बसून असे, कुणी पाय घालू नये म्हणून.

शामकला आली. हाडं वर आली होती. तिने पाणी गाळून गुंड, म्हणजे मोठी घागर, भरला आणि काठावर ठेवला. भरलेला गुंड एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही, कुणीतरी हात द्यावा लागतो. दुधराम उठला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि गुंडाशेजारी, उन्हात, खाली बसली. तो उभाच राहिला. बऱ्याच वेळाने दुसऱ्या गावची एक अनोळखी बाई आली. शामकलाने तिला हाक मारली, गुंड डोक्यावर घेतला आणि पाळीवरून हळूहळू, एक थेंब न सांडता, निघून गेली.