इंदूताईंची दुपारची बॅच

माझी पहिली विद्यार्थिनी माझ्याहून वीस वर्षांनी मोठी होती, आणि तिची नोकरी माझ्यामुळे जाता जाता राहिली.

आज सकाळी इंदूताई गेल्या.

फोन आल्यापासून घरातच वावरतेय, पण मन त्या खोलीत जाऊन बसलंय. अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना, धरमपेठेतला एक छोटा कॉम्प्युटर क्लास.

बाहेर डोकं फिरवणारं ऊन आणि आत एसी. तो आमच्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता!

चपला दाराबाहेर काढायच्या. गार फरशीवर पाय टेकला की अर्धी झोपच यायची. पडदे ओढलेले, काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं एकामागून एक उगवतायत, आणि सगळे उगाचच हळू आवाजात बोलतायत.

"मॅडम, पाण्याखाली बसल्यासारखं वाटून राहिलं वं," इंदूताई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या.

मॅडम म्हणजे मी. वय वर्षं एकवीस. कोर्स संपवून तिथेच शिकवायला लागलेली, आणि मोठी दिसावी म्हणून रोज आईची साडी नेसून जाणारी.

त्या जरीपटक्याहून यायच्या. लग्नाआधीपासून सरकारी ऑफिसात टायपिस्ट होत्या. मग सासरे अंथरुणाला खिळले आणि यांनी राजीनामा दिला. चौदा वर्षं त्यांचं सगळं केलं. ते गेल्यावर दोन महिन्यांनी इंदूताई आमच्या दारात उभ्या.

मी विचारलं, "आता या वयात नोकरी कशाला, ताई?"

एकवीस वर्षांची मुलगी असं विचारू शकते.

"मले एक टेबल पाहिजे, मॅडम. माझं. सकाळी जाऊन बसलं का कोणी म्हणावं, हे इंदूबाईचं टेबल. बाकी काही नाही."

टायपिंग त्यांचं काय वर्णावं. डोळे कागदावर, बोटं आपली आपण चाललेली. आणि ओळ संपली की डावा हात उचलून हवेत ढकलायच्या. टाइपरायटरचा दांडा तिथे नव्हता, पण हाताला कोण सांगणार? वर्गातली पोरं फिदीफिदी हसायची. मीही हसलेय.

त्या काळी लाईट कधीही जायची. सेव्ह केलं नसेल तर सगळं गेलं. इंदूताई टाइप करण्यात इतक्या रंगलेल्या असायच्या की त्यांना थांबवावंसं वाटायचं नाही. मग मीच मागून हात घालून सेव्हची बटणं दाबून टाकायची. रोज. न सांगता.

मला वाटायचं, किती जीव लावून शिकवते मी.

जूनमध्ये गांधीबागेतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कॉम्प्युटर आला आणि टायपिस्ट हवी म्हणून कळलं. ताईंना ट्रायलला बोलावलं. "हे नाही जमलं तर आता पुरे," असं घरून बजावलेलं होतं.

दोन पानांचं पत्र दिलं होतं. त्यांनी एकही चूक न करता टाइप केलं.

आणि मग टायपिस्ट काम संपल्यावर जे करते तेच केलं. मशीन बंद केलं, नीट पुसलं, वरून रेक्झिनचं कव्हर घातलं आणि कंपनीच्या मालकांना, शेटजींना, सांगितलं, "झालं."

शेटजींनी कव्हर काढून मशीन चालू केलं. पत्र कुठेच नव्हतं.

"मशीन तो आती नहीं बाई को," म्हणाले आणि दार दाखवलं.

ताई तशाच क्लासवर आल्या. "मॅडम, तुम्ही तर शिकवलंच असन. मीच विसरली."

मी शिकवलं नव्हतं. एकदाही नाही.

तिथल्या तिथे त्यांना सांगितलं. संध्याकाळपर्यंत बसवून त्यांच्याकडून पन्नास वेळा सेव्ह करून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन गांधीबागेत गेले.

"चूक माझी आहे," मी शेटजींना सांगितलं. "मीच यांना शिकवलं नाही. एकदा परत बसू द्या."

शेटजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मशीन तो आपको आती है ना? तो फिर आप ही आ जाओ. सोमवार से."

माझे वडील त्याच वर्षी रिटायर झाले होते. धाकट्या दोघी शिकत होत्या. क्लासची नोकरी आज आहे, उद्या नाही.

मी म्हणाले, "नाही. यांच्यासारखं टायपिंग मला येत नाही."

ते खरंही होतं. शेटजींनी हाताने मशीनकडे खूण केली.

ताईंनी पत्र पुन्हा टाइप केलं, स्वतः सेव्ह केलं, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि पत्र उघडून दाखवलं. मी दाराजवळच उभी होते.

गोडाऊनच्या खिडकीखालचं टेबल त्यांना मिळालं. रिटायर होईपर्यंत ते त्यांचंच होतं.

त्या दिवशी परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "तुम्ही एका झटक्यात नाही म्हटलं, मॅडम. असं कोण करते वं?"

पुढे हेच त्यांनी माझ्या लग्नात सांगितलं. माझ्या मुलांना सांगितलं. गेल्या महिन्यात भेटायला गेले तर नर्सला सांगत होत्या, "या आमच्या मॅडम. यायनं एका झटक्यात नाही म्हटलं होतं."

ताई, झटक्यात नव्हतं हो.

'हो' अगदी ओठांपर्यंत आलं होतं. सोमवारी कुठली साडी नेसायची इथवर मी पोचले होते. तुम्ही मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतात, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

दर वेळी ठरवायची, आज सांगून टाकू. पण तुम्ही इतक्या कौतुकानं सांगायचात की धीरच झाला नाही.

आता सांगितलं. रागावू नका.

जय भीम, ताई.